कुकरमधलं मटण आणि कोल्हापुरी रस्सा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर कोल्हापूरचं. लग्नानंतर पुण्यात आले, तेव्हापासून रविवारी सकाळी एक फोन ठरलेला असतो. कधी धाकट्या जावेचा, कधी शेजारच्या मुलीचा, कधी परदेशात शिकायला गेलेल्या भाच्याचा. मटण आणून ओट्यावर ठेवलेलं असतं, कुकर हातात असतो आणि पुढचं विचारायचं असतं. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे प्रमाण १ किलो बोकडाचं मटण आणि ५ लिटरचा कुकर असं धरा.

मटणाला शिट्ट्या किती काढायच्या?

शिट्ट्या मोजूच नका, मिनिटं मोजा. बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं उत्तर नीट वाचा.

कुकरमधला दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की जास्तीची वाफ शिट्टीला उचलून बाहेर पडते. आपल्याकडच्या घरगुती कुकरांत हा दाब साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतो आणि त्या दाबाला आतलं पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. गॅस मोठा ठेवलात तर दहा मिनिटांत आठ शिट्ट्या होतील, बारीक ठेवलात तर वीस मिनिटांत तीन-चार. तापमान दोन्ही वेळा जवळजवळ तेच असतं. मटण त्या तापमानात किती वेळ राहिलं, त्यावर ते शिजणार. म्हणून "आमच्याकडे पाच शिट्ट्यांत होतं" हे दुसऱ्याच्या घरी लागू पडत नाही. त्यांची शेगडी वेगळी, कुकर वेगळा, बोकड वेगळा.

पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्या. ती झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. कोवळं मटण असेल तर १२ ते १५ मिनिटं, मध्यम असेल तर २० ते २५, जून बोकडाचं असेल तर ३० ते ३५. बारीक म्हणजे अगदी मिणमिणता नको. शिट्टीखालून वाफेचा बारीक सूर ऐकू येत राहिला आणि चार-पाच मिनिटांनी एखादी शिट्टी झाली, की आच बरोबर आहे असं समजा.

कोवळं की जून, हे आणतानाच कसं ओळखायचं?

कोवळं मटण फिकट गुलाबी असतं, जून गडद लाल. कोवळ्याची चरबी पांढरी आणि बरगड्या बारीक, नाजूक. जुनाची चरबी पिवळसर दिसते, हाडं जाड असतात. ओळखीचा खाटीक असेल तर सरळ विचारा. रस्सा करायचा आहे म्हटलं की तो बरोबर भाग काढून देतो.

रश्श्यासाठी अगदी कोवळंच पाहिजे हा हट्ट मात्र मी धरत नाही. फार कोवळ्या मटणाच्या पाण्याला अंगच नसतं. मध्यम वयाच्या बोकडाचा रस्सा जास्त चवदार होतो आणि तो मऊ करायला कुकर आहेच.

कुठला भाग घ्यायचा?

खांदा, गर्दन, सीना आणि नळ्या. नुसत्या मांडीचं स्वच्छ, बिनहाडाचं मटण बघायला छान दिसतं, पण रश्श्यात ते सुकं, तंतुमय होतं आणि पाण्याला चव देत नाही. जो भाग जनावर जास्त वापरतं त्यात कोलॅजन जास्त असतं, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट आवरण. हेच कोलॅजन ओलसर उष्णतेत हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. मटण मऊ होतं ते त्यामुळे, आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो तोही त्यामुळेच. १ किलोत निदान पाव किलो हाडं असू द्यात. नळ्या जास्तच मागून घ्या, कारण घरात नळीवरून भांडणं होतात.

सकाळी ताजं आणलेलं मटण दुपारी चामट का लागलं?

जनावर कापल्यावर काही तासांनी स्नायू ताठरतात. थंड जागी ठेवलं तर साधारण एका दिवसात ते पुन्हा सैल पडतात. आपण सकाळी कापलेलं आणतो आणि बारा वाजता शिजवतो, म्हणजे बरेचदा नेमक्या ताठ अवस्थेतच. पाहुणे येणार असतील तर आदल्या संध्याकाळी आणा, हळद-मीठ आणि आलं-लसणाचं वाटण चोळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. फरक तुम्हालाच जाणवेल. त्याच दिवशी करायचं असेल तर कुकरची पाच-सात मिनिटं वाढवा.

कच्च्या पपईची गरज कुकरमध्ये पडत नाही. पपईतला पाचक घटक मटण तापत असताना जोरात काम करतो, आणि चमचाभर जास्त झाली तर फोडीचा लगदा होतो. जुन्या बायका पातेल्यात सुपारीचा तुकडा टाकत, तीही इथे लागत नाही.

कुकरमध्ये नेमकं काय काय घालायचं?

फक्त अळणीचं साहित्य. मसाला नाही, खोबरं नाही, टोमॅटो नाही.

कोल्हापुरी मटणाचा पाया म्हणजे अळणी पाणी, हळद-मिठात शिजलेल्या मटणाचं स्वच्छ पाणी. तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा दोन्ही त्यातूनच निघतात, आणि शिजलेल्या फोडींचं सुकं होतं. म्हणून कुकरमध्ये जे घालाल ते तिन्ही पदार्थांत चालणारं असायला हवं.

कुकरमध्ये तीन चमचे तेल तापवा. एक मोठा कांदा बारीक चिरून गुलाबी होईपर्यंत परता. मोठ्या आचेवर मटण घाला, चमचाभर हळद, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, आणि मीठ अंदाजाच्या निम्मंच, कारण हे पाणी पुढे आटणार आहे. आता झाकण न लावता परतत राहा. मटणाला स्वतःचं पाणी सुटेल, ते आटेल आणि मग फोडी तेलात चरचरायला लागतील. याला दहा-बारा मिनिटं लागतात आणि घाईत सगळ्यात आधी हीच पायरी गाळली जाते. गाळू नका. बंद कुकरमध्ये पाणी आणि वाफच असते, तिथे काहीही खरपूस होत नाही. खरपूसपणा झाकण लावायच्या आधीच मिळवावा लागतो.

मग दीड लिटर कडकडीत गरम पाणी ओता. उकळी आली की वर फेस जमेल, तो पळीने काढून टाका. रस्सा स्वच्छ राहतो आणि तो फेस शिट्टीत चढत नाही. त्यानंतर झाकण लावा.

मसाला कुकरमध्येच घातला तर काय होतं? सगळं एकदमच करता येणार नाही का?

करता येतं आणि नोकरीच्या दिवशी मीही करते. पण तो रस्सा वेगळा होतो. खोबरं, तीळ, खसखस यांचं दाट वाटण तळाला बसतं आणि बंद झाकणाआड करपतं. ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो आणि करपट वास सगळ्या मटणात भिनतो. शिवाय दाट पदार्थ उडून शिट्टीच्या नळीत अडकू शकतो, तो खरा धोका. आणि तर्री? तेल सुटून वर येण्यासाठी रस्सा उघड्या भांड्यात सावकाश उकळायला लागतो. माझं म्हणणं सरळ आहे: कुकरनं मटण शिजवावं, रस्सा पातेल्यात करावा. अर्धा तास जास्त जातो, पण पातेल्यातल्या रश्श्याची चव त्या अर्ध्या तासातच उतरते.

तांबडा रस्सा लाल होतो, पण वर तर्री येत नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा दोन गोष्टी: तेलाला हात आखडता घेतलेला असतो, किंवा वाटण नीट परतलेलं नसतं.

वाटणासाठी अर्धी वाटी सुकं खोबरं, एक-एक मोठा चमचा तीळ आणि खसखस हे वेगवेगळं कोरडं भाजा. प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो, एकत्र भाजलं की खसखस जळते आणि खोबरं कच्चं राहतं. तीन कांदे उभे चिरून तेलावर तपकिरी करा. बारा-पंधरा लसूण पाकळ्या, बोटभर आलं, मूठभर कोथिंबीर घालून सगळं अगदी गंधासारखं वाटा. पातेल्यात पाच-सहा मोठे चमचे तेल घ्या, वाटण घाला आणि कडेनं तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परता. त्यावर तीन-चार चमचे कांदा-लसूण चटणी, ज्याला इतर ठिकाणी कांदा-लसूण मसाला म्हणतात. चटणी घातल्या घातल्या एक पळी अळणी पाणी ओता. तिखट पाच-दहा सेकंदांत जळतं आणि जळलं की रंग काळपट, चव कडू.

मिरचीचा लाल रंग पाण्यापेक्षा तेलात उतरतो. म्हणून चटणी तेलात पडायला हवी, वरून पाण्यात घालून उपयोग नाही. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी लवंगी, आणि आमच्या भागात संकेश्वरी. चटणीत यांचं प्रमाण घराघरात बदलतं. नंतर निम्मं गरम अळणी पाणी घालून, झाकण न ठेवता पंधरा मिनिटं बारीक उकळू द्या आणि गॅस बंद करून दहा मिनिटं हात लावू नका. तर्री वर येते.

पांढरा रस्सा दर वेळी फाटतो.

नारळाचं दूध उकळलंत म्हणून. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरलेले असतात आणि त्यातली प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. खळखळून उकळी आली की ती प्रथिनं गोळा होतात आणि तेल वेगळं पडतं. कुकरमध्ये १२० अंशांना तर ते फाटणारच, तेव्हा नारळाचं दूध कुकरमध्ये कधीही घालू नका.

एक-एक मोठा चमचा तीळ आणि खसखस, दहा-बारा काजू तासभर भिजवून बारीक वाटा. चमचाभर तुपात दालचिनी, लवंग, मिरे, हिरवी वेलची आणि दोन-तीन मोडलेल्या हिरव्या मिरच्या परता. पांढरं वाटण घालून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता. रंग बदलू द्यायचा नाही. उरलेलं अळणी पाणी गाळून घाला आणि एक उकळी काढा. आता गॅस अगदी बारीक करा, एका नारळाचं दाट दूध बारीक धारेनं सोडा आणि ढवळत राहा. कडेनं वाफ दिसायला लागली की बंद. मीठ शेवटी चाखून. एकाच दिशेनं ढवळायला सांगतात, पण दिशेनं काही होत नाही. न थांबता ढवळायला हवं, एवढंच.

फाटलाच, तर चमचाभर तांदळाचं पीठ थोड्या गार पाण्यात कालवून लावा आणि रवीनं घुसळा. दिसायला सावरतो, चव तर गेलेली नसतेच.

अळणी पाण्यात हळद असल्यामुळे आमचा पांढरा रस्सा किंचित पिवळसर दिसतो. शुभ्र हवा असेल तर कुकरमध्ये हळद चिमूटभरच घाला.

घाई असेल तर चमच्यानं शिट्टी उचलून वाफ काढली तर चालेल?

भाताला चालेल, मटणाला नको. दाब एकदम उतरला की आतलं पाणी अचानक खवळून उकळतं. फोडींतला ओलावा बाहेर पडतो, मटण मऊ असूनही कोरडं लागतं आणि स्वच्छ अळणी गढूळ होते. पातळ पदार्थ भरलेला असल्यानं गरम पाण्याची चिळकांडी हातावर येण्याची भीती वेगळीच. गॅस बंद करून पंधरा-वीस मिनिटं कुकर आपला आपण पडू द्या. त्या वेळातही आत मटण शिजतंच आहे, मी सांगितलेली मिनिटं ते धरूनच आहेत. तोवर वाटण करून घ्या.

झाकण उघडलं आणि मटण कच्चं निघालं. आता?

घाबरायचं कारण नाही. बोटांनी दाबून बघा: फोड हाडापासून सुटत नसेल तर पाणी पुरेसं आहे का ते पाहा, लागलं तर गरम पाणी घाला आणि पुन्हा शिट्टी आल्यावर आठ-दहा मिनिटं ठेवा. कमी शिजलेलं नीट करता येतं. जास्त शिजून तंतू झालेलं मटण मात्र परत जुळत नाही, म्हणून अंदाज नसेल तेव्हा आधी कमी मिनिटं धरा.

शिट्टीतून पिवळं पाणी उडून ओटा खराब होतो.

कुकर जास्त भरला आहे. पातळ पदार्थ असताना दोन तृतीयांशाच्या वर कधीच भरायचा नाही. ५ लिटरमध्ये १ किलो मटण आणि दीड लिटर पाणी नीट बसतं. ३ लिटरचा असेल तर अर्धा किलो मटण आणि पाऊण लिटर पाणी, त्याहून जास्त नको. फेस काढला नसेल किंवा पहिल्या शिट्टीनंतर आच मोठीच राहिली असेल तरीही असं होतं.

कुकर फुटण्याची भीती वाटते. काय तपासायचं?

झाकण लावण्यापूर्वी ते उजेडासमोर धरा आणि शिट्टीच्या नळीतून आरपार दिसतंय का बघा. कोथिंबिरीचं देठ किंवा कांद्याची साल अडकली असेल तर सुईनं काढा. रिंग कडक झाली, चिरली, सैल पडली की बदला. फ्रीजरमध्ये ठेवून ती एखादा दिवस घट्ट बसते, पण तो इलाज नव्हे. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा नवा बसवा. लहानपणी आमच्या शेजारच्या घरी व्हॉल्व्हच्या जागी कुणीतरी भलताच तुकडा ठोकून बसवला होता. एका संध्याकाळी ते झाकण छताला लागलं. कुणाला इजा झाली नाही, पण तो आवाज मला आजही आठवतो. नवा कुकर घेताना आयएसआय खूण बघाच. घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक आहे.

दाब पूर्ण उतरल्याशिवाय झाकण ओढायचं नाही, हे घरातल्या मुलांनाही शिकवा.

आजीच्या पातेल्यातल्या मटणाची चव कुकरला येते का?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. आजी चुलीवर कल्हईच्या पितळी पातेल्यात मटण करायची. पातेल्यावर ताट, ताटात पाणी. गार ताटामुळे आतली वाफ परत थेंब होऊन खाली पडायची, आणि ताटातलं तापलेलं पाणी लागेल तसं मटणात ओतलं जायचं. गार पाणी कधीच नाही. दीड-दोन तास हे चालायचं आणि त्या वेळात पाणी आटून चव दाट व्हायची. कुकरमध्ये पाणी आटत नाही, म्हणून अळणी पातळ लागते. त्यावर उपाय असा की झाकण उघडल्यावर फोडी बाजूला काढा आणि नुसतं पाणी उघड्या कुकरमध्ये मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा. आधीचं खरपूस परतणं आणि हे आटवणं, दोन्ही केलंत तर आजीच्या बरंच जवळ जाता येतं. चुलीचा धूर तेवढा येत नाही.

हाडांचा अर्क काढायला मात्र कुकर पातेल्यापेक्षा सरसच आहे. द्यनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६७९ मध्ये लंडनला दाबाचं भांडं दाखवलं, ते हाडं मऊ करण्यासाठीच. दाब वाढला तर सुटणारी झडपही त्यानंच त्याला जोडली. आपल्या ओट्यावरचा कुकर त्याचाच वंशज.

फ्रिजमध्ये ठेवलेला रस्सा सकाळी जेलीसारखा थिजला. बिघडला का?

बिघडला नाही, उत्तम झाला आहे. वरचा पांढरट थर चरबीचा आणि खालची थरथरणारी जेली जिलेटिनची. गरम केला की पूर्ववत होतो. पाहिजे तर थोडी चरबी काढून टाका, पण तांबड्याची लाल तर्री त्याच थरात असते, सगळी काढू नका.

परदेशात आहोत, इलेक्ट्रिक कुकर आहे. शिट्टीच होत नाही, मग कसं करायचं?

मिनिटं मोजायची सवय लागली की अडत नाही. इन्स्टंट पॉटसारख्या कुकरांचा दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, त्यामुळे वेळ थोडा जास्त द्या. बोकडाच्या मटणाला हाय प्रेशरवर ३० ते ३५ मिनिटं आणि दाब आपोआप उतरू द्यायचा. आधी 'सॉटे'वर परतून घ्या, आणि पाणी ओतल्यावर तळ लाकडी उलथन्यानं खरवडा, नाहीतर तळ लागल्याची सूचना देऊन तो थांबतो. मसाला इथेही बाहेर, वेगळ्या भांड्यात.

'मटण' मागितलं तर तिकडे मेंढीचं मिळतं, 'लँब' म्हणजे कोवळं मेंढीचं. आपलं म्हणजे 'गोट', ते हलाल दुकानात मिळतं. लँब वापरलंत तर वेळ निम्म्यावर आणा आणि चरबी काढून टाका, तिचा वास आपल्या मसाल्यात वेगळा लागतो. दुबई किंवा सिंगापूरला असाल तर भारतातून खसखस नेऊ नका, तिथे तिला बंदी आहे. तिच्याऐवजी मगज बी (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) आणि चार काजू जास्त घ्या.

कलेजी, बटाटे, गावरान कोंबडी हे मटणाबरोबरच लावू का?

कलेजी नको, कुकरमध्ये ती खडबडीत होते. तांबडा उकळत असताना शेवटची सहा-सात मिनिटं त्यात सोडा. बटाटेही तसेच नंतर. गावरान कोंबडीला कुकर लागतो, पण वेगळा: शिट्टीनंतर १५ ते २० मिनिटं. बाजारातल्या ब्रॉयलरला कुकरची गरजच नाही.

उरलेला रस्सा किती दिवस चालतो?

उरला तर! धुळवडीला आणि आखाडात आमच्याकडे कधी उरत नाही. उरलाच, तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. मोठ्या पातेल्यात गार व्हायला फार वेळ लागतो, म्हणून दोन-तीन पसरट डब्यांत काढा. दोन दिवसांत संपवा, आणि लागेल तेवढाच काढून खळखळून उकळा. पांढरा मात्र मंद आचेवर ढवळत, वाफ धरेपर्यंत गरम करायचा. तो जास्त दिवस ठेवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळीच भातावर घेऊन टाका.